काचेवरची शिवण

"ग्रामसोव्हिएत, नुतेवेम. दिनांक १४ सप्टेंबर १९७९.

दाखला देण्यात येतो की नागरिक ओम्रीना येलेना पेत्रोव्ना, जन्म १ जानेवारी १९२३, राष्ट्रीयत्व चुकची, शिक्षण चार इयत्ता, विधवा, या येथील कातडी-शिवण कार्यशाळेत चौथ्या श्रेणीच्या कामगार म्हणून एकवीस वर्षे कार्यरत आहेत. वर्तन स्थिर. मद्यपान सणापुरते. सरकारी मालमत्तेची जपणूक करतात. स्वभाव खुला व विश्वासू असून सहकारी, वरिष्ठ आणि विज्ञान यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवतात. वैज्ञानिक मोहिमेतील 'राखणदार (मातीखालील काचा)' या पदासाठी त्यांची शिफारस करण्यात येत आहे."

खाली गोल शिक्का आणि अध्यक्ष वसीली रानाव यांची सही. सही खरी आहे.

जन्मतारखेचं सांगायचं तर, नोंदणी करायला पहिला कारकून बोटीतून उतरला तेव्हा नुतेवेममधली सगळी मोठी माणसं एक जानेवारीला जन्मलेली निघाली. ओम्रीनाची आई सांगायची की पोर झाली तेव्हा किनाऱ्यावर वॉलरस पडले होते. वॉलरस जानेवारीत येत नाहीत. पेत्रोव्ना म्हणजे पेत्रची मुलगी, पण तिच्या बापाचं नावही पेत्र नव्हतं. कारकुनाचं होतं. त्यामुळे निम्म्या गावाला एकच बाप मिळाला आणि तो चौथ्या दिवशी बोटीनं निघून गेला.

राहता राहिला खुला आणि विश्वासू स्वभाव. रेडिओवर हवा चांगली राहील असं सांगितलं की ओम्रीना छपराची दोरी आणखी एकदा आवळून बांधायची. दवाखान्यातल्या बाईनं गोळी दिली की म्हणायची, "आधी तू अर्धी खा." दुकानात नवा डबा आला तर त्यावरचं चित्र आणि आतला माल एकमेकांशी ताडून बघायची आणि चित्रातली गाय जरा जास्तच हसतेय असं म्हणून डबा परत ठेवायची. संशय घेणं हे तिच्या लेखी घरकामासारखं होतं. रोज थोडं थोडं उरकायचं, नाहीतर साचतं.

या सगळ्याचा मागच्या उतरणीशी संबंध होता.

नुतेवेमला दोन उतरणी होत्या. दोन्हींवर वाळुंजाची घोट्याएवढी झुडपं पसरलेली आणि त्याच्या मध्ये मध्ये पांढुरक्या कणसाची एक बुटकी वनस्पती. तिचं मूळ बोटाच्या वाकवलेल्या पेरासारखं असतं, उकडलं की बदामासारखं लागतं आणि सीलच्या चरबीबरोबर संपेपर्यंत थांबता येत नाही. बायका ती मुळं स्वतः फार उकरत नाहीत. ते काम उंदीर करतात. उन्हाळाभर मुळं कुरतडून, धुऊन पुसल्यासारखी स्वच्छ करून बिळाशेजारच्या कोठारात रचून ठेवतात. सप्टेंबर लागला की बायका टाचेनं जमीन दाबत फिरतात आणि जिथे पोकळ लागेल तिथे गवताचं झाकण उचलतात. अर्धं घ्यायचं, अर्धं ठेवायचं आणि घेतलेल्याच्या जागी काहीतरी द्यायचं, बहुतेक सुकवलेल्या माशाचा तुकडा. नाहीतर उंदीर हिवाळ्याच्या धास्तीनं वाळुंजाच्या बेचक्यात मान अडकवून जीव देतो असं सगळे सांगतात. घोट्याएवढ्या झाडाला फाशी घ्यायची म्हणजे उंदरालाही बरीच चिकाटी लागत असणार. पण कोणी ते आजमावायला गेलेलं नाही.

पुढची उतरण नऊ वर्षांपूर्वी गेली. आधी दोन माणसं आली आणि त्यांनी सरळ रेषेत खुंट्या ठोकून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. बायकांना वाटलं, मोजणी असेल. तीन आठवड्यांनी तेलाच्या टाक्या घेऊन रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी गाडी त्या चिंध्यांवरून गेली. एक उन्हाळा ती रोज ये-जा करत होती, नंतर अधूनमधून. शेवाळ फाटलं, खालचं बर्फ वितळलं आणि उतरणीवर दोन काळे चर उरले. त्यांत आता पाणी असतं. वाळुंज परतलं नाही, मुळं परतली नाहीत आणि उंदीर शहाणे असल्यामुळे तेही परतले नाहीत. गाडीसुद्धा आता तिथे रुतायला लागली होती.

म्हणून उरली एकच. मागची.

१९७९च्या जूनमध्ये बोटीतून लेनिनग्राडच्या निना अर्काद्येव्ना उतरल्या. चष्मा जाड, बूट नवे, हातात लाकडी पेटी. पेटी त्यांनी कोणाला उचलू दिली नाही, हे ओम्रीनानं शिवणघराच्या खिडकीतून पाहिलं. नंतर बाई सूप ढवळायच्या चमच्याएवढं फावडं घेऊन आधी पुढच्या उतरणीवर गेल्या, मग मागच्या.

"काय करते गं ती?" ओम्रीनानं विचारलं.

शेजारी रुल्तीना बुटाचा तळ चावून मऊ करत होती. रुल्तीना म्हणजे तिची लांबची बहीण आणि गावाचं वर्तमानपत्र. तिनं तोंडातला तळ काढला. "मुळं बघते म्हणे."

"खाते?"

"नाही. नुसती बघते."

"खायची नाहीत, तर बघायची कशाला?"

"शिकलेली आहे ना," रुल्तीना म्हणाली आणि तळ परत तोंडात घातला.

दहा दिवसांनी बाई बोटीनं गेल्या. सप्टेंबरात परत येते म्हणाल्या. हे ऐकून ओम्रीनाला मुळीच बरं वाटलं नाही. परत येणारा माणूस काहीतरी ठेवून गेलेला असतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मागच्या उतरणीवर गेली. तिसऱ्याच कोठाराशेजारी तिला शेवाळातून वर आलेलं लाल दोऱ्याचं टोक दिसलं. ओढल्यावर जमिनीतून काच आली, बोटाएवढी लांब, दोन बोटं रुंद, चिखलानं माखलेली.

पहिला विचार तिच्या मनात आला तो नुतेवेममधल्या कोणाही बाईच्या मनात आला असता. कोणीतरी कोठार लुटलं आणि बदल्यात काच ठेवली. तिचं डोकंच फिरलं. उंदरानं काच खायची? तिनं झाकण उचललं. कोठार गच्च भरलेलं होतं. कोणी काही घेतलेलं नव्हतं.

म्हणजे काच मोबदल्याची नव्हती. मग ती खुणेची असणार. ओम्रीना उभी राहिली आणि तिनं उतरणीवर नजर टाकली. दहा पावलांवर दुसरा दोरा होता. त्यापुढे तिसरा. वीस दोरे, एका सरळ रेषेत, वरपासून खालपर्यंत. टुंड्रात सरळ रेषा उंदीर आखत नाही, रेनडिअर आखत नाही. पट्ट्यांची गाडी आखते.

ती तशीच ग्रामसोव्हिएतच्या ऑफिसात गेली. अध्यक्ष रानाव हा तिच्या नवऱ्याचा पुतण्या.

"वास्या, मागच्या उतरणीवर लाल दोरे कोणी लावले?"

"काकू, ऑफिसात मी रानाव."

"बरं. रानाव, नाक पूस आणि सांग, लाल दोरे कोणी लावले? आणि खाली काचा पुरल्यात त्या?"

रानावनं पेन खाली ठेवलं. समुद्रापलीकडे अमेरिका असलेल्या सीमेवरच्या गावात 'पुरलेल्या काचा' हे शब्द ऐकून पेन खाली ठेवणारा माणूसच अध्यक्षपदावर टिकतो.

"समुद्राकडे तोंड करून?" त्यानं हळूच विचारलं.

"डोंगराकडे."

"मग अमेरिकेकडे नाही." त्यानं पेन उचललं. "ते लेनिनग्राडच्या बाईंचं काम असेल. कागद आहे त्यांच्याकडे."

"अमेरिकेकडे नाही, म्हणजे तुझ्या तेलाच्या टाक्यांकडे. उतरण संपते तिथेच टाक्या आहेत."

रानाव खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"ते अजून ठरायचंय," तो म्हणाला.

"म्हणजे ठरतंय."

"जिल्ह्यानं फक्त मत मागवलंय, काकू. जुना रस्ता बुडाला, आता मागच्या उतरणीवरून न्यावा का? वीस तारखेपर्यंत लिहायचंय."

"आणि तू काय लिहिणार?"

"विचार करतोय."

"लहानपणी याच मुळांवर वाढलास, मेल्या. विचार कसला करतोस?"

"ऑफिसात मेल्या नाही," रानाव म्हणाला. पण तोवर ती बाहेर पडली होती.

त्याच दुपारी तिनं वीसच्या वीस काचा उपटल्या. खुणाच नसल्या तर गाडी येणार कुठून, असा तिचा हिशेब होता. पण उपटताना हात सवयीनं चालले. जमिनीतून काही घेतलं तर जागी काही ठेवायचं, मग ते उंदराचं असो की सरकारचं. प्रत्येक भोकात तिनं माशाचा एक तुकडा ठेवला आणि वरून शेवाळ दाबलं. दोरेही परत होते तसे खोचले, कारण दोरा तिला नको होता. नंतर ओढ्यावर बसून तिनं काचा धुतल्या, वाळूनं घासल्या, बाहीनं पुसल्या. चिखल घरात न्यायची तिला सवय नव्हती. घरी खिडकीत ओळीनं उभ्या केल्या तेव्हा त्या चांगल्याच चमकल्या.

आठ तारखेला निना अर्काद्येव्ना परत आल्या. पुढच्या उतरणीवरच्या वीस काचा त्यांना जिथल्या तिथे मिळाल्या. मागच्या उतरणीवर पहिला दोरा ओढला, खाली मासा. दुसरा ओढला, मासा. सातव्या माशापर्यंत त्यांचा संशय कुत्र्यांवर होता, बाराव्यापर्यंत सीमारक्षकांवर. विसावा तुकडा त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिला. तो तिरका कापलेला होता, कडा एकसारख्या, जणू बुटाचा तळ बेतलेला. तो घेऊन त्या शिवणघरात गेल्या. ओम्रीना तेव्हा जेवायला घरी गेली होती.

"हे कोणी कापलंय, सांगता येईल?"

रुल्तीनाला सांगायला नेहमीच आवडायचं. "ओम्रीनानं. आम्ही मासा खायला घेतो, ती शिवायला घेते."

ओम्रीनानं दार उघडलं, बाईंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या माशाकडे पाहिलं आणि आत यायला सांगितलं. चहा ओतला. निना अर्काद्येव्नांची नजर खिडकीवर गेली आणि तिथेच राहिली.

"धुतल्यात?"

"मग? चिखलाच्या ठेवू?"

"घासल्यातही?"

"वाळूनं. बघा की, डाग नाही एकीवर."

निना अर्काद्येव्नांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "येलेना पेत्रोव्ना, मला तो डागच हवा होता."

मग त्यांनी सांगितलं. मुळांना खालून एक बुरशी चिकटलेली असते, केसाहून बारीक धाग्यांची. मुळाभोवती ती म्यान घालते आणि लांबवर पसरते. ती जमिनीतून पाणी आणि क्षार ओढून मुळाला देते, मूळ तिला साखर देतं. इतक्या थंडीत झाड एकटं जगत नाही. काच पुरून ठेवली की धागे तिच्यावरून वाढत जातात आणि मग भिंगाखाली दिसतात. पुढच्या उतरणीवरच्या वीस काचा त्यांनी पाहिल्या होत्या. नऊ वर्षं झाली तरी तिथे एक धागा नव्हता. मागच्या उतरणीवरच्या काचांवर धागे दिसले असते, तर दोन्ही शेजारी ठेवून जिल्ह्याला दाखवता आलं असतं की गाडी जाते तिथे नुसतं गवत मरत नाही, गवत परत उगवून आणणारंच मरतं.

"रस्त्याचं मला रानावांनी पत्रानं कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच एवढी घाई करून आले."

"वास्यानं? मला नाही बोलला तो."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

ओम्रीनानं विचारलं होतं, दोऱ्यांचं. बाई कशासाठी आल्या ते विचारलं नव्हतं, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी तिची खात्री होती. ती खिडकीतल्या काचांकडे बघत राहिली. उतरण वाचवणारा पुरावा तिनं स्वतःच्या हातानं, वाळू लावून, मन लावून घासला होता.

"म्हणजे आता गेली उतरण," ती म्हणाली.

निना अर्काद्येव्नांनी चष्मा परत घातला. त्या थोड्या लाजल्यासारख्या दिसल्या. "तीन काचा मी दोरा न लावता पुरल्या आहेत."

"का?"

"दोऱ्यावर माझा विश्वास नसतो. कोल्हे ओढतात." चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "माणसंही."

ओम्रीनानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही सांगितलं असतं?"

ओम्रीनानं त्यांचा पेला पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी दोघी उतरणीवर गेल्या. बाईंच्या वहीत लिहिलं होतं, फुटक्या दगडापासून चौदा पावलं. पण ती जूनमधली नव्या बुटातली पावलं होती, आता बूट सैल झाले होते. पहिली काच गोठणाऱ्या मातीनं वर ढकलून उन्हात टाकली होती, कोरडी आणि कोरी. दुसरी दोन तुकड्यांत निघाली, मधला भाग चुरा. तिसरी मिळेना. ओम्रीना टाचेनं जमीन दाबत फिरली, तशीच जशी कोठारासाठी फिरायची, आणि एका वाळुंजाखाली थांबली.

"इथे माती कोणी तरी उचकटलीय. उंदरानं नाही. उंदीर याहून नीट काम करतो."

काच निघाली. निना अर्काद्येव्नांनी ती दोन बोटांत धरली आणि ओम्रीनाचा हात पुढे येताच पाठीमागे नेली.

"धूत नाही हो," ओम्रीना म्हणाली.

शिवणघरातल्या टेबलावर भिंगाची नळी मांडली गेली. बाईंनी बराच वेळ आत पाहिलं आणि मग सरकून जागा दिली. ओम्रीनानं डोळा लावला. आत काचेवरून पांढरे धागे निघाले होते, एकातून दुसरा, एका बाजूकडून दुसरीकडे. वाळुंजाच्या मुळाचा तुटलेला तंतू त्यात होता आणि त्याच्या भोवती घट्ट वेढे.

"हे कोणी शिवलंय?"

"ती बुरशीच."

"टाका बारीक आहे." एकवीस वर्षं रेनडिअरच्या पाठीच्या नसेच्या दोऱ्यानं ती असेच टाके घालत आली होती. "इतका बारीक रुल्तीनाला येत नाही."

"ऐकू येतंय मला," रुल्तीना पलीकडून म्हणाली.

"पण बाई, ही पाणी देते, ते साखर देतं, म्हणालात. मापात देतात का ते कोण बघतं?"

"कोणी नाही."

"मग एक जण नक्की फसवत असणार."

"कधी कधी फसवतातही," निना अर्काद्येव्ना म्हणाल्या. "काही बुरशा नुसतं घेतात."

ओम्रीनानं मान डोलावली. आता त्या म्हणतात ते खरं असावं असं तिला वाटायला लागलं.

"आणि ऑगस्टमध्ये वाळुंजाहून उंच भूछत्रं येतात ना, ती हिचीच," बाई पुढे म्हणाल्या. "हे खालचं, ती वरची."

ओम्रीनानं डोळा झटकन काढला. भूछत्रं रशियन लोक तळून खातात. चुकची माणूस ती रेनडिअरसाठी सोडून देतो आणि रशियनांकडे पाहून मान हलवतो.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही मुळांबरोबर ती घाण खातोय?"

"थोडी थोडी."

"हे गावात सांगू नका," ओम्रीना म्हणाली. रुल्तीना तोवर दाराबाहेर पडली होती.

रानावला बोलावलं गेलं. त्यानं नळीत पाहिलं आणि आपल्या पापण्या पाहिल्या. दुसऱ्यांदाही पापण्याच पाहिल्या. तिसऱ्यांदा काकूनं त्याची मान धरून योग्य जागी नेली.

"एकच काच?" तो म्हणाला.

"माझ्या प्रबंधाला एक पुरत नाही," निना अर्काद्येव्ना म्हणाल्या. "तुमच्या पत्राला पुरते. तिकडच्या वीस कोऱ्या आहेत. मी लिहून देते."

"सही करून?"

"सही करून."

रानावचा चेहरा उजळला. धागे त्याला पटले की नाही हे कळायला मार्ग नाही, पण दुसऱ्या कोणाच्या तरी सहीचा कागद त्याला नेहमी पटायचा. त्यानं एकोणीस तारखेला जिल्ह्याला लिहिलं की शास्त्रीय तज्ज्ञांच्या लेखी मतानुसार मागची उतरण वाहतुकीस अयोग्य असून तेल बर्फ पडल्यावर, गोठलेल्या खाडीवरून आणावं. जिल्ह्यानं महिन्यानं एका ओळीत होकार कळवला. त्या हिवाळ्यात तेल खाडीवरून आलं आणि मागच्या उतरणीवर फक्त उंदीर चालले.

पत्राच्या आधी, चौदा तारखेला, रानावनं तो दाखला लिहिला होता. पुढच्या उन्हाळ्यात निना अर्काद्येव्ना पुन्हा चाळीस काचा पुरणार होत्या आणि त्यांना राखणदार हवा होता. दुसरं कोणी त्यांना नको होतं. ज्या बाईनं वीस काचा एका दुपारी शोधून काढल्या, तिच्यापासून वाचलेली काच कोणापासूनही वाचेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दाखल्यासाठी रानावनं काकूला विचारलं, "स्वभाव काय लिहू?"

"खरा काय तो लिही."

रानावनं थोडा वेळ विचार केला आणि नेहमीचं वाक्य लिहिलं.

बोट निघायच्या दिवशी ओम्रीनानं खिडकीतल्या काचा कापडात गुंडाळून परत नेऊन दिल्या. बाईंनी मोजल्या. सोळा होत्या.

"चार फुटल्या," ओम्रीना म्हणाली.

निना अर्काद्येव्नांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, चार फुटल्या.

पुढच्या जूनमध्ये त्या चार काचा ओम्रीनानं मागच्या उतरणीवर पुरल्या. दोरा लावला नाही, आणि जागा कोणालाही सांगितली नाही.